नवरदेवाच्या छातीवरचा चौकोन

माझ्या नणंदेने तिच्या सासरी सांगून ठेवलं होतं, की वहिनी मेडिकल लाइनमध्ये आहे. एवढं बोलून ती घाईघाईने विषय बदलायची. तिचा दोष नाही. जिने उमेदीची वर्षं संडासाच्या बंद दाराबाहेर उभं राहून 'झालं का हो?' असं विचारण्यात घालवली, त्या बाईची पंगतीत ओळख तरी कशी करून द्यायची? मी मात्र कुणी विचारलं की बेधडक सांगते. नोकरी लागण्याआधी माणूस नशापाणी करतो का, हे तपासणं माझं काम. समोरचा घास हातात धरून थांबतो आणि मग तासभर मला सोडत नाही. जिलेबी मात्र थंड होते.

आमची लॅब डोंबिवली पूर्वेला, एका डोसावाल्याच्या वरच्या मजल्यावर. मालक डॉ. करंदीकर, पॅथॉलॉजिस्ट. गंभीर, सडसडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा माणूस. नमुने घ्यायला मी आणि काउंटरवर निशा. एमआयडीसीतल्या कंपन्या, ठाण्याला घोडबंदर रोडवरची ऑफिसं, कल्याणचे स्कूलबसवाले, सगळे आपापले उमेदवार आमच्याकडे पाठवायचे. स्टीलची पळी बनवणाऱ्या कारखान्याला नशेतला माणूस एकवेळ चालून जाईल, पण केमिकलच्या प्लांटवर व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस शुद्धीत असावा, हे स्फोटांनी घराच्या काचा फुटलेल्या डोंबिवलीकराला वेगळं समजावून सांगायला नको.

नशा शोधण्याचे मार्ग बरेच आहेत आणि प्रत्येकाची खोड वेगळी. पहिला मान लघवीचा. स्वस्त, सोपी, आणि गेल्या दोन-तीन दिवसांची हकीगत सांगणारी. रोज गांजा ओढणाऱ्याची तर कित्येक आठवड्यांची. अडचण एकच. माणसाला आत एकटं सोडावं लागतं, आणि एकटा सोडलेला माणूस काय करेल याचा नेम नाही. म्हणून आमच्या संडासातला नळ बंद, साबण बाहेर, आणि टाकीत निळा रंग. कमोडमधलं पाणी मिसळलं तर नमुना निळा येतो. एक पठ्ठ्या असा निळाशार कप घेऊन बाहेर आला आणि मला शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्या फॅमिलीत असंच येतं."

कपाला तापमानाची पट्टी चिकटवलेली असते. नमुना अंगाइतका कोमट असायला हवा. एकाने खिशातून लपवून आणलेली बाटली खालच्या डोसावाल्याकडून गरम करून घेतली होती. पट्टी बघून मी म्हटलं, "अहो, एवढा ताप असेल तर नोकरीचं राहू द्या, आधी ॲम्ब्युलन्स बोलावते." दुसऱ्या एकाने मात्र बाटली काखेत धरून बरोबर कोमट ठेवली होती. स्कूलबसवर ड्रायव्हर म्हणून लागायचं होतं त्याला. आणली होती ती स्वतःची नव्हे, भावोजींची. भावोजी म्हणजे निर्व्यसनी, पहाटे उठून योगासनं करणारे, सासुरवाडीत ज्यांचे दाखले दिले जातात असे. नशा तपासायच्या पट्टीवर गांजा निघाला. पोरगा रडकुंडीला येऊन ओरडला, "मॅडम, हे माझं नाहीच, आमच्या भावोजींचं आहे!" मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. नोकरी तर गेलीच, पण जाताना तो मला विनवत होता, "फक्त ताईला कळू देऊ नका."

पट्टी वाचण्यातही गंमत आहे. दोन रेघा उमटल्या तर माणूस निर्दोष, दुसरी रेघ नाही आली तर संशय. एका उमेदवार बाईने माझ्या हातातल्या पट्टीवर दोन रेघा पाहिल्या आणि मटकन खुर्चीत बसली. "मॅडम, हे कसं शक्य आहे? मिस्टर तर जानेवारीपासून दुबईला आहेत!" तिला ही पट्टी ती पट्टी नव्हे हे समजावेपर्यंत निशा हसून हसून काउंटरखाली गेली होती.

दुसरा मार्ग लाळेचा. तोंडात काडी फिरवायची, सगळं आमच्या डोळ्यांदेखत, त्यामुळे फसवाफसवी कमी. पण लाळ फार तर कालपरवाचं सांगते. शिवाय आमच्या भागात निम्म्यांच्या गालात तंबाखूचा मावा. काडी घालायची पांढरी आणि निघायची विटकरी. रक्त त्याहून पक्कं, पण तेही थोड्याच वेळाचं साक्षीदार, आणि सुई दिसली की भलेभले गडी भुईवर आडवे होतात. परदेशात म्हणे घामाचीही तपासणी असते, दंडावर एक चिकटपट्टी लावून कित्येक दिवस ठेवायची. डोंबिवलीच्या मे महिन्यात ती पट्टी सकाळी दंडावर लावली तर दुपारी चपलेत सापडेल.

आणि शेवटचा मार्ग केसांचा. केस वाढतो तसतसं रक्तातलं काहीबाही त्यात अडकून राहतं. डोक्याच्या मागच्या बाजूने, मुळाशी, पेन्सिलीच्या शिशाएवढी बट कापायची. दीड इंचात तीन महिन्यांचा इतिहास येतो. मागच्या आठवड्याचं मात्र त्यात नसतं, कारण तेवढा केस अजून कातडीच्या बाहेरच आलेला नसतो. महाग काम. नमुना दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या लॅबला जातो, म्हणून कंपन्या सहसा त्या वाटेला जात नाहीत.

एक गोष्ट मात्र मी आयुष्यभर कंठशोष करून सांगितली. पट्टी म्हणजे चाळण. चाळणीत अडकलेला खडा आहे की तांदूळ, ते पुढे मोठ्या मशीनवर बघायचं असतं. कितीतरी कंपन्या चाळणीलाच शेवटचा शब्द मानतात आणि पुढची तपासणी न करता उमेदवाराला घरी पाठवतात. त्याचा मला अजूनही संताप येतो. आणि मशीन तरी सगळं सांगतं का? हे मला जयेशच्या वेळी समजलं.

जयेश ठाकुर्लीजवळच्या गावातला आगरी मुलगा. गाव म्हणायचं एवढंच, आता शेतांच्या जागी टॉवर आहेत. उंचापुरा, डोक्यावर टोपी, केमिकलचा डिप्लोमा केलेला. एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्लांट ऑपरेटर म्हणून त्याची निवड झाली होती. तपासणी तेवढी बाकी होती. लग्नही ठरलेलं. नमुना देऊन तो जाताना मला आमंत्रणसुद्धा देऊन गेला. "मॅडम, हळदीला या. लग्नाला नाही आलात तरी चालेल, हळद मिस नका करू."

त्याच्या पट्टीवर अफूच्या जागची रेघ आली नाही. औषधं विचारली, तर साधं खोकल्याचंही घेतलेलं नव्हतं. नमुना मोठ्या मशीनवर पाठवला. तिकडून उत्तर आलं की मॉर्फिन आहे, हेरॉइनची खूण मात्र नाही. कंपनीच्या एचआरमध्ये श्रुती नावाची मुलगी होती. चलाख, पण नियमाला पक्की. ती म्हणाली, "मॅडम, मॉर्फिन ते मॉर्फिन. उद्या प्लांटवर काही झालं तर माझी मान अडकेल." तिने जयेशला फोन करून नकार कळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचं दार उघडलं, तर पायरीवर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ बसलेले. गळ्यात बोटाएवढी जाड साखळी. शेजारी त्यांची बायको, आणि मागे खाली मान घालून जयेश.

"माजे पोऱ्याला नशेडी कोन बोलला?" ते उठत म्हणाले. हे बाळाराम शेठ, जयेशचे वडील. तीन चाळी आणि एका मंगल कार्यालयाचे मालक.

"काका, नशेडी कुणी म्हटलेलं नाही. तपासणीत अफूचा अंश आला."

"अफू? आमचे गावान अफू कोन इकतं ते तरी सांग. त्याची तंगडीच तोरतंव."

"पप्पा, शांत व्हा ना यार," जयेश म्हणाला. "मॅडमची काय चूक आहे?"

"तू गप रं. तुना नोकरी कशाला पायजे ते मना आजून समाजलेला नाय. घरान बस, चाळींचा भारा वसूल कर, बोललो तुना. आयकलास?" आणि लगेच माझ्याकडे वळून, "पन बाय, यो माजा पोऱ्या दारूचे बाटलीकर बगत पन नाय. हल्दीचे रोजी पन थम्सप पितं. आमचे गावान लाज वाटतं मना."

मला हसू आवरेना. पण नकार नुसता नोकरीचा नव्हता. अशी गोष्ट गावात फुटली असती तर लग्नाच्या मांडवात कुजबुज सुरू झाली असती. मी चौघांना आत बसवलं. चौथे म्हणजे डॉक्टर, ते आरडाओरडा ऐकून स्वतःच बाहेर आले होते. मी जयेशला विचारलं, "नमुना देण्याआधी दोन-तीन दिवसांत काय काय खाल्लंस, आठव."

"मॅडम, काय काय नाही खाल्लं ते विचारा. केळवणं चालूएत."

लग्नाआधी नवऱ्यामुलाला नातेवाईक घरोघरी जेवायला बोलावतात. त्यांना नाही म्हणायची सोय नसते. आत्याकडे मटण, मामाकडे मटण, चुलत आत्याकडे मटण आणि वर अनारसे.

"आनि माजे बहिनीनं खीर दिली," जयेशची आई प्रथमच बोलली. "त्याला टेन्सननं झोप लागत नव्हती. उद्या तपासनी हाय बोलला. मग ती बोलली, खसखसीची खीर पी, गार झोप लागंल. दोन वाट्या पाजली तिनं."

डॉक्टर करंदीकर माझ्याकडे बघत खुर्चीतून ताडकन उठले. "खसखस! पेडणेकर बाई, खसखस!"

मटणाच्या वाटणात खसखस, अनारशाला खसखस आणि आदल्या रात्री दोन वाट्या खीर. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. बियांत नशा नसते, पण बोंडाच्या चिकाचा अंश त्यांना लागून राहिलेला असू शकतो. सगळ्याच खसखशीत सापडतो असं नाही, पण सापडला तर मशीनही फसतं. कारण ते मॉर्फिन दाखवतं, ते मावशीकडून आलं की गल्लीतल्या कुणाकडून, ते नाही सांगत.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे श्रुतीला फोन लावला. ती म्हणाली, "सर, पॉसिबल असेल. पण हे तर सगळेच म्हणतील ना, की मावशीने खीर दिलेली."

शेठ हे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते मोठं पातेलं घेऊन हजर. त्याच मावशीने, त्याच डब्यातल्या खसखशीची केलेली खीर. पातेलं टेबलावर आदळून म्हणाले, "खा. आनि तपासा सोताला."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे सभ्य भाषेत झापतील. डॉक्टरांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाले, "शास्त्रीय दृष्ट्या योग्य मागणी आहे. निशा, वाट्या आणा."

काय खीर होती हो ती! गूळ, नारळाचं दूध, वरून जायफळ. डॉक्टरांनी शास्त्रासाठी एक वाटी घेतली आणि मग आणखी एक कशासाठी घेतली ते त्यांनाच ठाऊक. मी दोन घेतल्या. निशाचं डाएट चालू होतं, तिने दोन चमचे चाखली. दुपारी मला टेबलावर अशी डुलकी लागली की बाळाराम शेठांनी माझ्यावरचा पंखा वाढवला, असं निशा सांगते. जेवून झोप येतेच म्हणा.

संध्याकाळी आम्ही तिघांनी आपापले नमुने दिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दाराच्या आत होते आणि बाहेरून निशा ओरडत होती, "झालं का हो?" सांगते, अजिबात होत नाही. इतकी वर्षं ज्यांना मी घाई केली त्या सगळ्यांची मनोमन माफी मागितली.

निशाच्या पट्टीवर दोन्ही रेघा. माझी अफूची रेघ गायब. डॉक्टरांचीही गायब. बाळाराम शेठ टाळ्या पिटत लॅबभर नाचले. "दोगं पन नशेडी! डाक्टर पन नशेडी!" खालचा डोसावाला काय झालं म्हणून वर आला. आम्ही त्याला वाटीभर खीर देऊन परत पाठवलं.

डॉक्टरांनी श्रुतीला फोन केला. "मी करंदीकर. अफूसाठी मी पॉझिटिव्ह आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "सर... परत एकदा बोलाल?"

सगळं कळल्यावर ती पोट धरून हसली. मग गंभीर झाली. "सर, मला पटलं. पण कंपनीचा रूल आहे, एकदा फेल झालेल्याची लघवी परत घेत नाही. चार दिवस सांभाळून कोणीपण येईल. तुम्ही हेअर टेस्ट करा. तीन महिने क्लीन आले तर मी वरती भांडते, माझा शब्द."

आणि हे अगदी बरोबर होतं. दोन वाट्या खिरीचा हिशेब केसात सहसा पोचत नाही. तिथे नेहमीच्या गिऱ्हाइकाचंच नाव राहतं. मी कात्री, चिमटा आणि फॉइल घेऊन उत्साहाने पुढे झाले. "जयेश, टोपी काढ."

जयेशने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. त्याने टोपी काढली. डोकं तुळतुळीत. ट्यूबलाइटचा उजेड त्याच्यावर पडला होता.

"मी नवस बोललेले," आई पुटपुटली. "पोऱ्या सिलेक्ट झाला तर बालाजीला केस देन. सिलेक्ट झाला. मग लगेच जाऊन देऊन आलू. देवाचा उधार कशाला ठेवाचा?"

मी कात्री घेऊन तशीच उभी. लघवी घेता येत नाही, लाळ आणि रक्त कालपरवापलीकडे बोलत नाहीत, आणि केस तिरुपतीला. लग्नाला पंधरवडाही उरला नव्हता. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "नियमावलीत तरतूद आहे. डोक्यावर नसतील तर... अन्यत्र असलेले केस चालतात. काळाचा अंदाज इतका नेमका येत नाही, पण चालतात."

"अन्यत्र म्हंजे?" शेठनी विचारलं.

"उदाहरणार्थ, छाती."

शेठनी क्षणाचाही विलंब न लावता स्वतःच्या शर्टाची बटणं काढली. आत काळंपांढरं घनदाट जंगल. "घे. पाहिजे तवरा घे. बाप आनि पोऱ्या, रगत येकच हाय."

"काका, तसं नाही चालत. तुमचे केस तुमचीच गोष्ट सांगतील. वर्षभराची."

शेठ थबकले. विचारात पडले. मग सावकाश सगळी बटणं परत लावली. "नको मंग. पोऱ्याचाच घे."

जयेशने शर्ट काढला. देवाची कृपा, वडिलांवर गेला होता. मी केस कापायच्या मशीनने डाव्या बाजूचा चांगला काडेपेटीएवढा भाग मुळापासून काढला. केसांचा गोळा फॉइलमध्ये बांधते आहे, तोच आई पुढे आली.

"बाय, ह्यो चवकोन कसा दिसतं बग. हल्दीला पोऱ्या उघरा बसतं. फोटोवाला असतं, ड्रोनवाला असतं. गाव इचारील ना, ह्यो खड्डा कसला?"

"आई, हळद लागली की काय दिसतंय!" जयेश म्हणाला.

"हल्दीनं खड्डा भरतं काय?"

मग मी माझ्या कामात कुठेच न बसणारी गोष्ट केली. उजव्या बाजूलाही तेवढाच चौकोन काढला. डॉक्टरांनी दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "डावा किंचित वर आहे." तोही सारखा केला. उजव्या बाजूचे केस कचऱ्याच्या डब्यात गेले, डाव्या बाजूचे कुरियरने.

मोठ्या लॅबचं उत्तर यायला वेळ लागतो. ते दिवस बाळाराम शेठ रोज सकाळी आमच्या लॅबमध्ये येऊन बसायचे. मी सांगून थकले, की काका, फोन करते. "तू तुजा काम कर, मी बसलाव," एवढंच म्हणायचे. भेदरून आलेल्या उमेदवारांना पाणी आणून द्यायचे, वर धीर द्यायचे, "भिव नको रं, म्याडम चांगली हाय." चाळीच्या भाड्याकडे कोण बघत होतं, देव जाणे. हळदीचा दिवस उजाडला तरी उत्तर आलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर, निशा आणि मी हळदीला गेलो. आगऱ्यांची हळद ज्याने पाहिली नाही, त्याने ठाणे जिल्हा पाहिला नाही. अख्खा रस्ता मांडवाखाली, डीजेच्या भिंती, धवलारीण बाया लग्नाची गाणी म्हणताहेत, बाजूला वडे तळताहेत. जयेश पाटावर बसलेला, पिवळाधमक. छातीचे दोन्ही चौकोन हळदीत बुडाले होते आणि ड्रोन डोक्यावर भिरभिरत होता. डॉक्टरांना कुणीतरी गॉगल घातला होता.

तेवढ्यात माझ्या फोनवर ईमेल आला. उघडला. वाचला. आणि फोन पालथा धरला, कारण नियमाप्रमाणे आधी कंपनीला कळवायचं, उमेदवाराला कंपनी सांगेल. मी मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन श्रुतीला फोन लावला. डीजेच्या दणक्यात मला माझाच आवाज ऐकू येईना. "श्रुती! श्रुती, ऐकू येतंय का?" मी बोंबलत होते. वळून पाहिलं तर बाळाराम शेठ माझ्याकडे एकटक बघत उभे. त्यांनी एक हात वर केला.

डीजे बंद झाला. आगऱ्याची हळद ऐन रंगात असताना डीजे बंद. सारं गाव नाचता नाचता जागच्या जागी थांबलं. धवलारणी गप्प झाल्या. आणि त्या शांततेत माझा बेंबीच्या देठापासूनचा आवाज घुमला, "क्लीन आहे गं! पोरगा तीन महिने क्लीन आहे!"

नियम बियम गेला खड्ड्यात. शे-दोनशे माणसांनी ऐकलं. फोनमधून श्रुती म्हणाली, "मॅडम, एवढी शांतता कशी काय? तुम्ही कुठे आहात? बरं, मी वरती बोलून ठेवलंय. त्यांना सांगा, लग्न करून घ्या, सोमवारी फर्स्ट शिफ्टला या."

मी सांगितलं. मग जो कल्लोळ उठला, त्यात डॉक्टरांना दोघांनी खांद्यावर घेतलं आणि निशाच्या केसांत हळद गेली. डीजे परत सुरू झाला. मला कुणीतरी वड्यांची ताटली देऊन खुर्चीवर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर बाळाराम शेठ येऊन बसले. नाचायला गेले नाहीत.

"बाय, तुना खरा सांगू?" ते माझ्या कानाशी म्हणाले. "त्याला नोकरी नाय लागली आसती तर मना बरा वाटला आसता."

मी वडा ताटलीत ठेवला. "मग रोज येऊन बसत होता ते कशाला?"

"माजा बाप मिठागरान राबला. शेठ बोललं तर उठाचा, शेठ बोललं तर बसाचा. तवा मी ठरवलेला, माजा पोऱ्या कुनाचे हाताखाली जानार नाय. म्हून त्याला बोललो, नको जाव." ते हळद लागलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिले. "पन 'नाय' बोलाचा ते मी बोलन. मी बाप हाय. दुसऱ्यानं कुनी बोलाचा, की तू लायक नाय? माजे पोऱ्याला?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, एवढंच.

जयेश पाटावरून उठून, हळदीने निथळत आमच्यासमोर आला. डीजेवाल्याने काय समजायचं ते समजून आवाज खाली आणला.

"पप्पा," तो म्हणाला, "सोमवारी जाऊ ना?"

शेठनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. भोवतीचे लोक वाट पाहत थांबले.

"जा," ते म्हणाले. "पन दुपारी जेवलास काय, त्याचा मना फोन कर."